तिसऱ्या पातीपासून

देवणीच्या पलीकडच्या शिवारात बायकांची एक टोळी गुत्त्यानं सोयाबीन काढते. गुत्तं म्हणजे रान सगळ्यांनी मिळून उरकायचं. एक बाई उठून गेली की तिची पात, म्हणजे तिच्या वाट्याच्या ओळी, बाकीच्यांच्या अंगावर. पंचशीला कधी मागं न राहणारी. दहावी शिकलेली, बोलायला कमी, हाताला चपळ. नवरा आनंदराज हैदराबादेत सेंट्रिंगच्या कामावर.

मागं खुरपणीत तिची तान्ही लुंबिनी खोकायला लागली, तशी ती काम टाकून सरकारी दवाखान्यात पळाली होती. डॉक्टर म्हणाले, "साधी सर्दी आहे, कशाला एवढं घाबरता?" टोळीला चेष्टेला विषय मिळाला. कुणाला शिंक आली तरी, "पंचशीले, हिलाबी ने गं दवाखान्यात!" पंचशीलाही हसायची.

त्या दिवशी लुंबिनी सकाळपासूनच तापलेली. बाभळीला बांधलेल्या झोळीत किरकिरत होती. पंचशीलानं पहिली पात उरकून पाजलं, दुसरी उरकून पाजलं. तिसरीनंतर पोरीनं तोंडच लावलं नाही. पण किरकिर थांबली.

"निजली बघ. गुणाचं लेकरू हाय," टोळी सांभाळणाऱ्या शिवकांताक्का म्हणाल्या.

"हाव, अक्का."

पंचशीलानं पुन्हा विळा धरला. तिला भीती वाटत नव्हती, काहीच वाटत नव्हतं. हात चालत होते.

बऱ्याच वेळानं शिवकांताक्का पाणी प्यायला झाडाखाली गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "पंचशीले! पोरीच्या बरगड्या आत चालल्यात गं! ऊठ!"

"अक्का, एवढी पात…"

"पात घाल चुलीत! मी वढते तुझी पात. पळ!"

दवाखान्यात डॉक्टर तेच होते.

"दूध कधीपासून घेत नाही?"

"तिसऱ्या पातीपासून."

"म्हणजे?"

तिला जरा आठवावं लागलं. "दुपारपासून."

"मग तेव्हाच का नाही आणलं?"

तिला राग आला नाही, रडूही नाही. नखांत माती होती, ती तिनं पदराला पुसली.

सुई टोचली तशी लुंबिनी बारीक आवाजात रडली. सवयीनं पंचशीलाचा हात तिला गप करायला तिच्या तोंडाकडे गेला.

"रडू द्या, बाई," नर्सबाई म्हणाल्या. "हालचाल करायलीय, चांगलंच आहे. पण उदगीरला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागंल. घरी कुणाला विचारायचंय का?"

आनंदराजचा फोन वाजून वाजून बंद झाला होता.

"न्हाई," पंचशीला म्हणाली आणि पोरीला घेऊन दवाखान्याच्या गाडीत चढली.

लुंबिनी मधूनमधून कण्हत, रडत होती. पंचशीलानं तिला गप केलं नाही.