हळदीचे हात

उतारावरच्या आमच्या घराला तळघर आहे. शोभाच्या, माझ्या मुलीच्या, लग्नात तिथं रुखवत मांडलं होतं. सासरी निघताना तिनं तिथल्या भिंतीवर हळदीचे हात उमटवले. पहिल्याच बाळंतपणात ती गेली. हात तेवढे राहिले.

यंदा त्या भिंतीला पोपडे आले. गवंडी म्हणाला, "बाहेरची माती उकरून वॉटरप्रूफिंग करतो. पण आतला भिजलेला गिलावाही काढावा लागेल."

सून म्हणाली, "दादा, हातांएवढा तुकडा ठेवा की."

"ठेवला तर ओल तिथूनच पुन्हा पसरेल, वहिनी."

खरंच होतं ते. पाणी भिंतीचं नसतं, पलीकडच्या मातीचं असतं. आतून कितीही रंग फासा, ते वाट काढतंच. माणसांचंही तसंच. मी चारचौघांत कधी रडले नाही, म्हणून लोकांना वाटलं, हिला काही झालंच नाही.

"काढ," मी म्हटलं.

त्यानं कडेपासून सुरुवात केली. शेवटी नुसती बोटं उरली, तेव्हा छिन्नी थांबवून म्हणाला, "आजी, तुम्ही जरा वर जाता का?"

"नाही. ती गेली तेव्हा मी जवळ नव्हते. आता बसते इथंच."