नानांचा तळहात

शिरपूरच्या स्टँडवर आमच्या दोन पत्र्याच्या पेट्या एसटीवर चढल्या, तेव्हा मी आणि माझा चुलतभाऊ गोविंद अठरा वर्षांचे होतो. साठीच्या दशकातली गोष्ट. आईने दशम्या बांधून दिल्या होत्या. गोविंदचे वडील, आमचे नाना, खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "मोठासना हातले नही म्हनानं नही." थोरांनी दिलेलं नाकारायचं नाही. आम्ही माना डोलावल्या.

हे वाक्य आम्ही आधीही ऐकलेलं होतं. आमचे पूर्वज मारवाडातून आलेले. बोली खानदेशी झाली, ताटात कळण्याची भाकरी आली, पण साखरपुड्याला अफूचं पाणी द्यायची रीत तशीच राहिली. त्याला आम्ही अमल म्हणायचो. थोरल्या माणसाने ते आपल्या तळहातावर ओतायचं आणि समोरच्याने त्याच हातातून प्यायचं. नाकारलं तर त्या हाताचा अपमान. मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हा नानांनी आम्हा दोघांना पाजलं. मला भडाभडा उलट्या झाल्या. गोविंद ओसरीवर बसून शांतपणे हसत राहिला, आणि पुढे भावकीतला एकही साखरपुडा त्याने चुकवला नाही. त्याचं कौतुक झालं, माझी नाजूक म्हणून टिंगल. त्या उलट्यांनी मला वाचवलं, माझ्या अकलेने नव्हे.

मुंबईत मी औषधांच्या दुकानात लागलो, गोविंद कापडाच्या गोदामात. आठेक वर्षांनी गाठ उचलताना त्याची पाठ धरली. डॉक्टरांनी मॉर्फिनची, म्हणजे अफूतूनच काढलेल्या औषधाची, दोन इंजेक्शनं दिली. खोलीवर आल्यावर तो म्हणाला, "हाई ते नानासना हातनंच शे. नुसतं लवकर चढस." हे नानांच्या हातचंच आहे, फक्त लवकर चढतं.

पाठ बरी झाली, इंजेक्शन सुटलं नाही. तो दुकानात यायचा आणि माझ्यासमोर तळहात पसरायचा. माझ्याहून तीन महिन्यांनी मोठा होता. मी मालकाची नजर चुकवून त्या हातावर काचेची कुपी ठेवायचो. चूक आहे हे मला कळत होतं. नाही कसं म्हणायचं, हे मात्र आमच्यात कुणी शिकवलं नव्हतं. पुढे एका सुईवर तिघे-चौघे टोचून घेऊ लागले. त्यातूनच कावीळ होऊन गोविंद गेला. घरी मी काविळीचं तेवढं कळवलं.

वर्षाने धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला शिरपूरला गेलो. नाना खूप थकले होते. त्यांनी भरलेला तळहात माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "नाही, नाना." मग मी सगळं सांगितलं. कुप्यांचं, सुईचं, आणि गोविंदचं ते वाक्यही.

नानांनी हात मागे घेतला नाही. पाणी बोटांतून गळून धोतरावर पडत राहिलं.

"मन्हा हातनं?" त्यांनी विचारलं.

"आणि माझ्याही," मी म्हटलं.

आता मुंबईत माझं स्वतःचं घर आहे, नळाला पाणी आहे, शेजार चांगला आहे. तरी कुणी गाव विचारलं की मी शिरपूरच सांगतो. नानांना मी तिथे नाही म्हणालो आणि तरीही त्यांनी मला शेजारी बसवून जेवू घातलं. आपल्या माणसाला नाही म्हटलं तरी ताट वाढलं जातं, हे गोविंद असताना मला ठाऊक असायला हवं होतं.