पाळीवरची नारिंगी फीत

‘पोरीले घेऊनच ये,’ अशी थोरल्या बंधूंची आज्ञा घेऊन मी गोंदियाहून निघालो होतो. ती आज्ञा मी पाळलेली नाही आणि त्याचा मला खेदही नाही. हे प्रारंभीच स्पष्ट करतो, म्हणजे पुढचा मजकूर कोणी भलत्या अपेक्षेने वाचणार नाही.

माझे वय त्र्याहत्तर. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. आता गोंदियाजवळ मुर्रीला राहतो. माझी एकुलती एक मुलगी शुभांगी स्थापत्य अभियंता आहे. गेल्या वर्षी तिला नेदरलँड्समध्ये, नदीचे मातीचे बांध सांभाळणाऱ्या एका कार्यालयात नोकरी लागली. करार एका वर्षाचा. तो कायम करायचा की नाही, हे या सप्टेंबरात ठरणार होते. त्याच सुमारास तिला स्वतंत्र घरही मिळाले. भाऊ इटियाडोह धरणाच्या बाजूला आमची धानशेती पाहतात. त्यांचे म्हणणे सरळ होते.

‘तिथं कोण हाये तिचं? करार सरला का घेऊन ये. लोक विचारून रायले मले.’

‘ती स्वतः येते म्हणाली, तरच आणीन.’

‘मास्तर, तू बाप हायेस का पोस्टमन?’

या प्रश्नाचे उत्तर न देता मी व्हिसाचा अर्ज भरला. जाऊ इच्छिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: बोटांचे ठसे देण्यास स्वतः हजर राहावे लागते, प्रवासविमा अनिवार्य असतो आणि मुलीचे निमंत्रणपत्र मागतात. तूप, पेढे नेऊ नका. दुधाच्या पदार्थांना तिकडे मनाई आहे. मी चिन्नोर तांदूळ नेला. गोंदियाहून रेल्वेने नागपूर, तेथून विमानाने दिल्ली आणि दिल्लीहून थेट ॲमस्टरडॅम. ‘या वयात झेपेल का?’ असे विचारणारे सर्वजण माझ्याहून लहान होते, आणि त्यांच्यापैकी एकही नागपूरच्या पुढे गेलेला नव्हता.

शुभांगीचे गाव ऱ्हाईन नदीच्या एका फाट्यावर आहे. नाव मुद्दाम देत नाही. घर पाहून मी दारातच थबकलो. दिवे नाहीत, पडदे नाहीत, पायाखाली नुसते काँक्रीट! तिकडे भाडेकरू घर सोडताना जमिनीवरचे आवरणसुद्धा उखडून नेतो, ही रीत मला ठाऊक नव्हती.

‘चोरी झाली की काय?’

‘नाही बाबा, इथे घर असंच मिळतं. कोरी पाटी.’

पहिले पाच दिवस आम्ही दोघांनी लाकडी पट्ट्या बसवल्या. चौथी ओळ दोन सुतांनी वाकडी गेली, ती मी उकलायला लावली. शुभांगी गुडघ्यांवर बसून म्हणाली, ‘तुमच्या हाताखाली दहावी झाले तेव्हाच हे सगळं भोगून झालंय.’ पण उकलली. शेवटची पट्टी बसली तेव्हा तिने अनवाणी दोन फेऱ्या मारल्या. परत येण्याबद्दल विचारायचे मी त्या दिवशी टाळले.

ती कामावर गेली की मी हिंडत असे. बसमध्ये चढताना बँकेचे कार्ड यंत्राला लावावे आणि उतरतानाही न विसरता लावावे. विसरल्यास भुर्दंड पडतो. नळाचे पाणी खुशाल प्यावे. दुपारी सगळे पाव आणि चीज खातात. त्याला जेवण म्हणण्यास माझी तयारी नाही.

आठव्या दिवशी नदीच्या बांधावर गेलो. आम्ही कोहळी समाजाचे. तलाव बांधणे ही आमची पिढीजात विद्या. अशा बांधाला आम्ही पाळ म्हणतो. आमच्या घरचा दंडक असा, की पाळीत बीळ दिसले तर ते बुजवल्याशिवाय पुढे जायचे नाही. मग तुम्ही लग्नाला निघालेले असा वा स्मशानात. पायथ्याशी, शेतांच्या बाजूला, मला गवताचा एक ठिपका अधिक हिरवा दिसला. जवळ गेलो तर मुठीएवढे भोक आणि आत ओल. शेजारी नारिंगी फीत बांधलेली काडी खोचली होती. पोरांचा खेळ समजून मी ती उपटली. शेताकडेच्या चरातली चिकणमाती आणली, मनगटापर्यंत हात घालून भोक ठासले, वरून टाच मारली आणि काडी कचरापेटीत टाकली. कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी माझे छायाचित्र घेतले. मी त्यांना नमस्कार केला.

संध्याकाळी शुभांगीने कोट न काढताच विचारले, ‘बाबा, आज बांधावर काही केलंत?’

मी अभिमानाने सांगितले. ती फीत तिनेच बांधली होती. ते भोकही तिनेच शोधले होते. किती पाणी झिरपते याचे मोजमाप चालू होते. छायाचित्र कार्यालयात पोहोचले होते, तिने मला ओळखले होते आणि तिला दुसऱ्याच दिवशी लेखी खुलासा द्यायचा होता. करार ठरण्याच्या आठवड्यात!

‘बीळ बुजवणे हा गुन्हा केव्हापासून झाला?’ मी आवाज चढवला.

‘गुन्हा नाही. पण तुम्ही पाणी बाहेर येण्याचं तोंड बंद केलंत. कोंडलेलं पाणी आतल्या आत दुसरी वाट पाडतं. बुजवायचं ते पाण्याकडचं तोंड.’

आजोबा छातीभर पाण्यात उतरून, आतल्या बाजूने गोळे ठासत असत. मी ते पाहिले होते. विसाव्या वर्षी गाव सोडून खडू हाती घेतला आणि दंडक तेवढा लक्षात ठेवला, बाजू विसरलो.

‘खुलासा मी लिहितो. म्हातारा वेडा आहे, असे लिहितो.’

‘नाही. माझी नोकरी आहे, मीच लिहीन. आणि खोटं लिहिणार नाही.’

तिने पानभर लिहिले. तिच्या लेखनातली एकही चूक मला काढता आली नाही, असे आयुष्यात प्रथमच घडले. खुलासा डच भाषेत होता.

दुसऱ्या दिवशी तिच्या वरिष्ठ मारिकेबाई आम्हांला बांधावर घेऊन गेल्या. माती उकरली, पाणी पुन्हा वाहू लागले. शुभांगी त्यांच्याशी डचमध्ये बोलत होती; मान खाली न घालता. मारिकेबाईंनी मला इंग्रजीत एकच प्रश्न विचारला: ‘बांधावरून हे कसे दिसले?’ मी गवताचा रंग दाखवला. त्या हसल्या नाहीत, पण मान डोलावली. ताकीद मात्र लेखी मिळालीच.

त्यानंतर मी शुभांगीला विचारले, ‘परत यायचे आहे?’

‘ताकीद मिळाली म्हणून? मुळीच नाही.’

मी निघण्याच्या आदल्या दिवशी पत्र आले. करार कायम झाला होता. त्या रात्री आम्ही चिन्नोरचा भात नव्या जमिनीवर बसून जेवलो.

घरी परतल्यावर भाऊंकडे गेलो. ते तलावाच्या पाळीवरच भेटले.

‘पोरीले काऊन नाही आणलं?’

मी सारा वृत्तान्त सांगितला. भाऊ मध्येच थांबले. ‘बाहेरून बुजवलंस? आजा असता तं तुझ्या पाठीत काठी घातली असती गा! पन पोरीले हे कोनं सांगितलं?’

‘आपण नाही. आपल्या घरात मुलींना पाळीचे काम कधी कोणी शिकवले? ते शिकायला तिला सातासमुद्रापार जावे लागले. आणि तुम्ही म्हणता, तिला परत आण.’

थोडे पुढे जाऊन भाऊंनी बाहेरच्या पायथ्याशी बोट दाखवले. तिथे ओल होती. तलाव तुडुंब, आतले तोंड दिसणे अशक्य. त्यांनी वाकून मातीचे ढेकूळ उचलले आणि तसेच हातात धरून ठेवले.

‘लाव तिले फोन.’

मी फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. भाऊंनी ओल कुठे आहे ते सांगितले. पलीकडून आलेला आवाज मलाही ऐकू आला.

‘मोठे बाबा, आधी हातातलं ढेकूळ खाली ठेवा.’

भाऊंनी ठेवले.