कापलेली पोत

लंडनमधल्या ईलिंगच्या शाळेत हदासाबाईंनी निवृत्त होईपर्यंत मुलांना जेवण वाढलं, पण त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नाही. त्यांच्या शेजारी राहणारी मी, कस्तुरी, पुण्याची. माझं डोकं चटकन तापतं, आणि "शांत हो गं" म्हणायचं काम त्यांचं. २००५च्या उन्हाळ्यात मात्र उलटं झालं.

हदासाबाई बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पुण्यात जन्मलेल्या. त्यांची आई लष्करी इस्पितळात नर्स होती. तिथे इद्रिस प्रॉसर नावाच्या वेल्श कॅप्टनशी तिचं लग्न झालं. तो ब्रह्मदेशच्या लढाईत मारला गेला, तेव्हा हदासाबाई पोटात होत्या. आमच्यासारखीच त्यांच्यातही बाई लग्नात काळी पोत घालते. विधवा झाल्यावर आईने ती कात्रीने कापली, नवऱ्याच्या ट्रंकेत ठेवली आणि ट्रंक वेल्सला सासूकडे पाठवली. तुमचा मुलगा गेला, माझंही सगळं गेलं, एवढंच तिला सांगायचं होतं. उत्तर कधीच आलं नाही. मग पुण्यातले लोक तिला गोऱ्याची ठेवलेली बाई म्हणायला मोकळे झाले, आणि मरेपर्यंत तिने ते ऐकलं.

महायुद्ध संपल्याला साठ वर्षं झाली म्हणून इद्रिसच्या गावात प्रदर्शन लागणार होतं. इंटरनेटवर ते मीच शोधून काढलं. त्याचा पुतण्या गेथिन घराण्याचा इतिहास मांडणार होता. मी ईमेल केली. उत्तर अगदी गोड आलं: काका अविवाहित होते, तुमची काहीतरी गल्लत होतेय, प्रदर्शनाला मात्र जरूर या.

"गल्लत?" हदासाबाई म्हणाल्या. "गाडी काढ, कस्तुरी. शनिवारी आमचा शब्बाथ, रविवारी जाऊ."

ब्रिस्टल मागे टाकून पूल ओलांडला आणि वेल्स लागलं. गावच्या हॉलमध्ये भिंतभर वंशवृक्ष लावला होता. बाकी सगळ्यांना फांद्या फुटलेल्या, इद्रिसखाली मात्र 'अविवाहित'. बाजूला काचेच्या कपाटात त्याची पदकं, टोपी आणि एक काळी पोत. दोन सोन्याचे मणी, मध्ये पोवळं. हदासाबाईंची आई सांगायची अगदी तश्शी. खाली चिठ्ठी: 'बाजारातली माळ, ब्रह्मदेश'.

पोत कापलेली नव्हती. कुणीतरी नव्या दोऱ्यात ओवली होती.

गेथिन हसतमुखाने आला. सत्तरीतला, नीटनेटका. आम्ही कोण हे न विचारताच म्हणाला, "छान आहे ना? तुटलेलीच सापडली. माझ्या मुलीने नाताळच्या नाटकात राजा होताना घातली होती."

माझं रक्त उसळलं. एका विधवेची पोत, आणि ह्यांनी तिचा नाटकातला दागिना केला! मी तोंड उघडणार, तोच हदासाबाईंनी माझा दंड धरला आणि आई-वडिलांचा लग्नातला फोटो काचेवर ठेवला. पोत दिसत होती. गेथिनचं हसू मावळलं.

"ही माझी आई," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी इद्रिसची मुलगी."

तो इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "घराण्याच्या शेतावर हक्क सांगायचा असेल तर वकिलांशी..."

"तुमच्या शेतातलं ढेकूळसुद्धा नको मला!" हदासाबाई ओरडल्या, तसा सगळा हॉल वळून बघायला लागला. "ही पोत कुणाची, ते तुम्हाला माहीत होतं का?"

तो कपाटाकडे बघत म्हणाला, "आजी म्हणायची, इद्रिसच्या बाईने पाठवलंय, विचारू नका. अविवाहित लिहायचं, ही तिचीच इच्छा होती."

म्हणजे ट्रंक पोचली होती. सासूला सगळं कळलं होतं. आणि ह्या सुशिक्षित गृहस्थाने माहीत असून सुबक अक्षरात खोटं लिहिलं होतं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"कपाट उघडा. आणि कात्री द्या," हदासाबाई म्हणाल्या.

त्याने निमूट दोन्ही केलं. त्यांनी पोत उचलली, कपाळाला लावली आणि कचकन दोरा कापला. काही मणी टपटप पदकांवर पडले. उरलेली पोत त्यांनी तशीच टोपीशेजारी ठेवली.

"माझ्या आईने अशी पाठवली होती. आता अशीच राहील. ती चिठ्ठी काढा आणि खरं लिहा. तिथे भिंतीवरही."

गेथिनने चिठ्ठी काढली. पेन घेऊन तो कोऱ्या कागदावर वाकला, थांबला, आणि मान वर न करता त्याने विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

हदासाबाईंचा आवाज अजून चढलेलाच होता. साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "मिल्का. मिल्का प्रॉसर."