होणाऱ्या दाजींची गुपचूप चौकशी

आमच्या घरात, मुलगा मुलीला बघायला येण्याआधी आम्हीच त्याला गुपचूप बघून येतो. (तो चहा-पोह्यांच्या आशेवर असतो, आम्ही पुराव्यांच्या!)

माझ्या बहिणीला, शिवलीलाला, सांगून आलेला मुलगा पोलिसात होता. सिटी बससाठी वेगळं पथक निघालं होतं, त्यात. पाकीटमार धरायचे, टवाळांना समज द्यायची. अकरा स्थळं नाकारलेल्या शिवलीलाला हा फोटोतच आवडला. "दादा, हे मोडलंस तर जन्मभर तुझ्या उरावर बसेन," ती म्हणाली. तिचा स्वभाव पाहता ही धमकी नव्हती, बेत होता.

म्हणून दुधनीचे मामा आणि मी त्याच्या बसमध्ये चढलो. तो मागच्या दाराशी उभा होता.

"तंबाखूचा मावा खातो का बघ," मामा कुजबुजले.

"तोंड मिटलेलं आहे, मामा."

"मग अजून एक फेरी बसू की!"

शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि त्याच बसमध्ये पुन्हा चढायचं, असं चार वेळा झालं. एकदा तो एका बाईशेजारी वाकला, तर मामा सीटवरून अर्धे उठले. (तो तिची पडलेली पिशवी उचलत होता.) पाचव्या फेरीत मामांना राहवेना. त्यांनी माव्याची पुडी पुढे केली. "साहेब, घ्या की!"

साहेबांनी एका हाताने पुडी धरली आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट.

चौकीत प्रश्न तो विचारत होता.

"सकाळधरनं कुटं निघालाय?"

"हवा खायला," मामा म्हणाले.

"मे महिन्यात?"

"आमी दुधनीचे. ऊन आमाला चालतंय."

मग त्याने वहीत माझा पत्ता लिहायला घेतला. शुक्रवार पेठ म्हणताच पेन अडखळलं, आडनाव सांगताच थांबलं. माझ्या डोळ्यांपुढे शिवलीला उभी राहिली आणि मी घाबरून सगळं कबूल केलं.

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "मग? पास का नापास?"

"पास! लई पास!" मामा ओरडले.

रविवारी तो घरी आला. पोहे खाल्ले आणि शिवलीलाला एकच प्रश्न विचारला, "घरात या दोघांवर लक्ष कोण ठेवतं?"

"मीच की!"

लग्न ठरलं. मी हळूच म्हणालो, "दाजी, वहीतली ती नोंद तेवढी खोडा."

"सरकारी वही हाय. खोडता येत न्हाय."

तेव्हा लग्नपत्रिकेत मी 'वधूचे बंधू' आहे आणि पथकाच्या वहीत 'संशयित इसम क्रमांक दोन'. एक नंबरचा मान तिथेही मामांनाच!