नाहीताईंचा लॅपटॉप

आमच्या लॅपटॉप दुरुस्ती केंद्रात काउंटरवर बसणाऱ्या बाईंना आम्ही मागच्या खोलीतले कारागीर ‘नाहीताई’ म्हणायचो, अर्थात त्यांच्या माघारी. दिवसभर त्यांचं काम एकच. पाणी सांडलंय, वॉरंटीत बसत नाही. बाहेर उघडलाय, वॉरंटीत बसत नाही. नियम करणारे साहेब कुठेतरी गार हवेत बसायचे आणि लोक खेकसायचे ताईंवर. माझं डोकं फिरायचं, ताईंचं नाही. चिडायलाही अंगात त्राण लागतं, म्हणायच्या.

ते उरणार कुठून? इथून सुटल्या की घरी स्वतःच्या लॅपटॉपवर लोकांचे प्रबंध टाइप करायच्या. मुलीचं कॉलेज त्यावरच चाललं होतं. लॅपटॉप इतका रेंगाळायचा, की पान उघडेपर्यंत ताईंना डुलकी लागायची.

एका दुपारी रांगेत त्यांचे यजमान दिसले. सुतारकाम करणारा, हाताने काहीही दुरुस्त होतं असं मानणारा माणूस. काखेत चादरीत गुंडाळलेला तोच लॅपटॉप. घरी सांगायची हिंमत झाली नाही म्हणून नवरा बायकोसमोर रांगेत उभा राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

झालं होतं असं, की लॅपटॉप पळायला लागावा म्हणून त्यांनी ताईंच्या नकळत नाक्यावरच्या एका मेकॅनिककडून जास्त ताकदीचा प्रोसेसर बसवून घ्यायचा घाट घातला. पण या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर मुख्य बोर्डालाच डाग देऊन पक्का केलेला असतो. जुना काढायला त्या पठ्ठ्याने बोर्ड तापवला, आणि लॅपटॉपने कायमचे डोळे मिटले. वॉरंटी मात्र अजून शिल्लक होती.

ताईंनी मला बाहेर बोलावलं. मी झाकण उघडलं. स्क्रूवरचं वॉरंटीचं सील फाटलेलं, बोर्ड करपलेला. ताईंचा चेहरा बघवेना. नवा बोर्ड घेण्याची त्यांची ऐपत नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी हळूच म्हणालो, “नवं सील माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तपासणारा मीच. बोर्ड आपोआप गेला म्हणून लिहितो. कोण बघतंय?”

ताईंनी त्या फाटक्या सीलवरून बोट फिरवलं. हो म्हणा, हो म्हणा, असं मी मनात म्हणत होतो.

“सकाळी त्या म्हाताऱ्या मास्तरांना परत पाठवलं,” त्या म्हणाल्या. “त्यांचंही सील फाटलेलंच होतं.”

मग नवऱ्याकडे वळून, रोजच्याच सुरात, “बाहेर उघडलाय. वॉरंटीत बसत नाही.”

यजमानांनी मान हलवली. त्यांच्यामागे भिजलेला लॅपटॉप घेऊन भांडायच्या तयारीने आलेला गृहस्थ रांगेतूनच माघारी वळला. मला मात्र साहेबांचा, त्या मेकॅनिकचा आणि खरं सांगायचं तर ताईंचाही राग आला.

“तुला जरा लवकर झोपायला मिळावं म्हणून केलं गं,” यजमान म्हणाले.

ताईंनी झाकण बसवलं. एकेक स्क्रू स्वतःच घट्ट केला आणि लॅपटॉप पुन्हा त्याच चादरीत गुंडाळून त्यांच्या हातात दिला.

“मिळेल की,” त्या म्हणाल्या. “आज कामच नाही.”