कपवाल्या कुत्र्याची आई

आमच्या बैठकीत भिंतीवर अजून तो फोटो आहे. आमचे हे ताठ उभे, एका हातात प्रदर्शनात मिळालेला कप, दुसऱ्या हातात साखळी, आणि साखळीला आमचा अल्सेशियन कुत्रा. पणजीला पहिला आला होता. आल्यागेल्याला हे अजून सांगतात, "काय जनावर होतं महाराजा!" मी चहा ठेवते आणि आत निघून येते. त्या जनावराला एक आई होती, हे या घरात माझ्याशिवाय कोणाला आठवत नाही, आणि मला आठवलं की माझं डोकं फिरतं.

हे गोव्यातल्या पाळी गावचे, मी पेडण्यातल्या पार्सेची. यांचे ट्रक खाणीवर चालायचे. लाल मातीने माखलेली अंगणातली तुळस धुवावी लागायची, पण घरात पैसा येत होता म्हणून कोणी बोलायचं नाही. खाणीवरच्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा जाताना तो आपली अल्सेशियन कुत्री आमच्याकडे सोडून गेला. साहेबाची वस्तू म्हणून यांनी ती कौतुकाने घेतली. तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडेच झालं. त्यातला एक नर यांनी ठेवला, तोच हा फोटोतला.

त्याला इंग्रजी नाव, मटण, आंघोळीला वेगळा साबण. ती मागच्या पडवीत, लाकडांच्या बाजूला. हे तिला नुसतं 'कुत्री' म्हणायचे. मी 'चेडवा' म्हणून हाक मारायची, आमच्याकडे पोरीला मारतात तशी. पेजेत बांगड्याचं डोकं कुस्करून घातलं, तरी ती आधी माझ्याकडे बघायची आणि मगच तोंड लावायची. एवढं अदबीचं माणूस आमच्या घरात दुसरं नव्हतं.

कप मिळाल्यावर घराला जत्रेचं रूप आलं. त्याच घराण्यातलं पिल्लू हवं म्हणून लोक गाड्या घेऊन यायचे. उंबऱ्यावरूनच विचारायचे, "दादलो आसा काय?" म्हणजे नर आहे का. मादी दाखवली की तोंड वाकडं. "नाका गो बाय, माजावर आली की गावातली सगळी कुत्री दारात!" चांगली शिकलेली माणसं, मुली कॉन्व्हेंटात घातलेली, आणि पिल्लाला उलटं करून आधी काय बघायची तर ते!

नर जायचे, माद्या राहायच्या. दूध सुटलं की यांचा ड्रायव्हर त्यांना गोणत्यात भरून ट्रकमध्ये टाकायचा. बाजारात सोडतो, म्हणायचा. एकदा सुर्ल्याच्या रस्त्यावर, जिथे ट्रकांची रांग लागते तिथे, मी बसमधून एक पिल्लू चिरडलेलं बघितलं. कपाळावरचा काळा पट्टा आमच्या चेडवाचाच होता. घरी येऊन यांना सांगितलं, तर म्हणाले, "तू तिकडे बघतेस कशाला?" झालं, संपलं! आणि ती बिचारी गोणता गेलेल्या दिशेला तोंड करून पडवीत बसून राहायची.

पुढच्या वेताला मी ड्रायव्हर यायच्या आधीच एक मादी उचलली. गणपतीची चवथ जवळ आली होती, माहेरी जायचंच होतं. पिशवीत तळाला जुनं लुगडं, त्यावर पिल्लू, वर नारळ ठेवायची सोय नव्हती म्हणून नारळ हातात. पार्सेला माझी धाकटी बहीण असते, नवरा गेल्यापासून माहेरीच; मला बाय म्हणते. तिने काही विचारलं नाही. "काजूच्या बागेत राखणीला कोण तरी होयाच होतां," म्हणाली आणि पिल्लू मांडीवर घेतलं. हे माझ्या माहेरी लग्नकार्याशिवाय पाऊल टाकत नसत, त्यामुळे कळायची भीती नव्हती.

इकडे चेडवाचं अंग उतरत चाललं होतं. डिचोलीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिला चाचपून स्पष्ट सांगितलं, "या वेळचा माज रिकामा जाऊ द्या. परत पोटुशी राहिली तर जगायची नाही." मी तिथेच हात जोडले, म्हटलं ऐका हो डॉक्टरांचं. हे गाडीत बसल्यावर म्हणाले, "डॉक्टराला काय जातं सांगायला! खाणीवर पिल्लाचा शब्द दिलाय मी." शब्द यांनी दिला, पाळायचा तिने! तिला परत नर दाखवला. दिवस भरले तेव्हा हे कुत्र्याला घेऊन दुसऱ्या प्रदर्शनाला गेले होते. भर दुपारी पडवीत, माझ्या पायावर डोकं ठेवून ती गेली. पिल्लं पोटातच राहिली. हे आले, बघितलं, आणि म्हणाले, "चांगली पिल्लं गेली."

मेली ती. तिच्याबद्दल एक शब्द नाही. मी त्या दिवशी चूल पेटवली नाही, तर यांनी पाव आणून खाल्ला.

मग यांनी त्या कपवाल्यासाठी बाहेरून एकामागून एक माद्या आणल्या. पिल्लं व्हायची, पण कुणाचे कान पडलेले, कुणी फटाक्याला घाबरून मुतणारं. गिऱ्हाईक आटलं. शेवटी बेळगावहून कुत्र्यांची पारख असलेले एक गृहस्थ बोलावले. ते कुत्र्याकडे जेमतेम बघून म्हणाले, "नर काय हो, चांगला नर कुठूनही मागून आणता येतो. घराणं मादीवर चालतं. बांधा, स्वभाव, पिल्लं सांभाळायची अक्कल, सगळं तिने दिलेलं असतं. याची आई कुठाय? नाहीतर बहीण?"

ते गृहस्थ गेल्यावर हे कपाळाला हात लावून म्हणाले, "एखादी तरी पोर ठेवायला हवी होती गो."

"एक आहे की," मी म्हटलं. "पार्सेला, माझ्या बहिणीकडे."

बाई गं, काय ते उठले! दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी काढली. म्हापशाला थांबून मिठाईचा पुडा घेतला, माझ्या बहिणीसाठी, आयुष्यात पहिल्यांदा. वाटेत माझ्याशी गोड गोड बोलत होते.

ती अंगणातच होती. तीच मान, तोच पट्टा. यांनी पाठीवरून, मांड्यांवरून हात फिरवला, दात बघितले, आणि आनंदाने ओरडलेच, "हीच! अगदी हीच!" तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग शेपटी हलवली.

बहीण पदराला हात पुसत म्हणाली, "भावजी, तिचां ऑपरेशन केलां. तिका आता पिल्लां जावची नाय. बायनच सांगितल्यान, हिची आवय मेली तेव्हा."

यांचा हात तिच्या पाठीवर होता तिथेच राहिला. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला इथवर आणलंस कशाला?"

"हिच्या आईकडे तुम्ही कधी धड बघितलं नाहीत," मी म्हटलं. "म्हटलं, कशी दिसायची ते एकदा बघा."

हे गाडीत जाऊन बसले. बहिणीने चहा आणला होता. यांचाही कप मीच प्यायले, आणि मिठाईचा पुडा फोडून चेडवाच्या लेकीपुढे ठेवला.